चुकीच्या नोंदींचं वर्ष

जुन्या नोटा बंद झाल्या त्या वर्षी मी शिकाऊ उमेदवार झाले. सरकारी कागदावर 'शिकाऊ उमेदवार', कारखान्यात 'अप्रेंटिस' आणि आमच्या चिखले गावात 'ती अजून शिकतेच आहे'. वडील दुसऱ्याच्या बोटीवर जायचे, आई डहाणूच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स पास करून घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे आळीतले पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत होते. त्याला कुणी काम म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही.

तलासरीच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका कारखान्यात माझी निवड झाल्याचं कळलं, तेव्हा आई अंगणात जवळा वाळत घालत होती.

"वर्षभर कारखान्यात शिकायचं," मी तिला सांगितलं. "दर महिन्याला थोडे पैसे देतात. शेवटी परीक्षा. पास झाले की देशात कुठेही चालणारं सर्टिफिकेट."

"शिकायला जायचं आणि वर पैसे मिळणार?"

"हो."

"मग त्यांना काय मिळणार?"

पहिल्या दिवशी कारखान्यात पोचले तेव्हा लक्षात आलं की हाच प्रश्न तिथेही सगळ्यांना पडला होता.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. वापीच्या औषध कंपन्यांची खोकी, घोलवडच्या चिकूची खोकी. आत शिरलं की उकळत्या खळीचा आंबूस वास आणि हवेत कागदाचा भुसा. आम्हाला तिथे कुणी बोलावलं होतं असं नाही. इतक्या कामगारांच्या वर कामगार असले की इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात असा कायदा आहे आणि तो कारखान्याला लागू होतो असं पत्र त्यांना आलं होतं. पहिल्या पत्राकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या पत्रात दंडाचा उल्लेख होता. त्या उल्लेखातून आम्ही चौघं उगवलो: दोन फिटर, एक टर्नर आणि इलेक्ट्रिशियन म्हणून मी. चौघांत मुलगी मी एकटी.

एचआरच्या मॅडम वापीहून यायच्या. स्वभावाने चांगल्या, पण त्यांच्याकडे पगार, हजेरी, कँटीन, बस आणि देवपूजेचे हार एवढं सगळं होतं. त्यात आता आम्ही. त्यांनी आमच्या करारावर सह्या घेतल्या, आम्हाला चार निळे शर्ट दिले आणि मेंटेनन्सच्या साहेबांकडे पाठवलं. साहेब तरुण होते, पुण्याकडून इंजिनीअर होऊन आलेले. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं घरी पाहुणे आलेत आणि घरात दूध नाही.

"इलेक्ट्रिकल कोण?"

मी हात वर केला.

"तू? बरं. तू काकांबरोबर राहा. आणि हे बघ, कशाला हात लावू नकोस."

हा माझ्या शिक्षणाचा पहिला धडा.

काका म्हणजे कारखान्याचे वायरमन. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, तलासरीकडच्या एका पाड्यावरून सायकलने येणारे. खिशात टेस्टर आणि कानावर अर्धी विडी. कारखान्याचा पहिला दिवा त्यांनी लावला होता असं म्हणत, तरी ते कारखान्याचे नव्हते, ठेकेदाराचे होते. त्यांच्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं. सहावीपर्यंत शाळा, तीही गुजराती माध्यमाची. मग एका गुजराती ठेकेदाराच्या हाताखाली खांबावर चढून चढून काम शिकलेले. आमच्याशी मराठी बोलायचे, मोटरशी गुजरातीत.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काकांना विसरायची सवय आहे. पॅनल उघडायच्या वेळी त्यांना नेमकं काहीतरी आठवायचं.

"पोरी, स्टोअरमधून चार नंबरचा पाना आण."

मी धावत जाऊन पाना आणायचे. तोवर पॅनलचं दार बंद आणि मशीन चालू. दुसऱ्या वेळी इन्सुलेशन टेप. तिसऱ्या वेळी चहा. दुसरा आठवडा संपेपर्यंत मला स्टोअरचा प्रत्येक खण माहीत झाला होता, पण पॅनल आतून कसं दिसतं ते एकदाही पाहिलं नव्हतं. मग कळलं की काका काहीच विसरत नव्हते.

राग आला. घोलवडच्या नाक्यावर सकाळी सातची बस पकडायची, दिवसभर पाने वाहायचे आणि संध्याकाळी अंगाला खळीचा वास घेऊन घरी यायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही मला मुद्दाम शिकवत नाही ना?"

काकांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"तुला महिन्याला किती देतात?"

मी सांगितलं.

"मला त्याच्या अडीच पट देतात. तुला सगळं शिकवलं की ते मला कशाला ठेवतील?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्या करारात कुठल्या पानावर काय लिहायचं ते सगळं होतं, पण मला शिकवणाऱ्याचं पुढे काय होणार हे कुठेच नव्हतं. मी माझा डबा उघडला आणि जेवू लागले.

त्याच सुमाराला एचआरच्या मॅडमना आमच्या लॉगबुकची आठवण झाली. प्रत्येक अप्रेंटिसची एक वही असते. आज काय शिकलो, कुणाकडून शिकलो, कुठलं यंत्र हाताळलं याची रोजची नोंद त्यात करायची आणि शिकवणाऱ्या अधिकाऱ्याची सही घ्यायची. तीन महिने झाले होते आणि चारही वह्या कोऱ्या होत्या. मॅडमनी चौघांना ऑफिसात बोलावून प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतलं. माझं पान पाहून त्या थांबल्या.

"काय गं, कित्ती सुंदर अक्षर आहे तुझं!"

शाळेत बाई फळ्यावर सुविचार माझ्याकडूनच लिहून घ्यायच्या. त्या अक्षराचा असा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. मॅडमनी माझ्यासमोर छापील अभ्यासक्रम ठेवला आणि म्हणाल्या, "चारही वह्या तू भर. अभ्यासक्रमात ज्या आठवड्याला जे दिलंय, ते शिकलात असं लिही. साहेब सही करतील."

"पण मॅडम, आम्ही ते शिकलो नाही."

"अगं, शिकालच की पुढे."

त्यामुळे रोज दुपारनंतर दोन तास मी एचआरच्या टेबलापाशी बसून लिहू लागले. पाने वाहण्यापेक्षा बरं. पंख्याखाली बसायला मिळायचं. दोघा फिटरांना मी ड्रिलिंग शिकवलं, टर्नरला आटे पाडायला शिकवलं आणि स्वतःला मोटरचं वाइंडिंग, केबलची जोडणी, अर्थिंग, मोठी मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर, सगळं शिकवलं. आयटीआयचं जुनं पुस्तक शेजारी उघडं असायचं. वह्यांवरून पाहिलं तर तलासरीत आमच्याइतके तयार अप्रेंटिस कुणी नव्हते. साहेब एका दमात तीस-तीस सह्या करायचे, वर न बघता.

एकदा वही हातात घेऊनच मी जेवायला गेले, राहिलेलं पान पूर्ण करायला. काकांनी मान वाकडी करून पाहिलं. मराठी वाचायला त्यांना वेळ लागायचा.

"काय लिहितेस?"

"मी काय काय शिकले ते."

काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "वाच की मग. मलापण कळू दे."

मी वाचलं. "आज कोरुगेशन मशीनच्या मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर जोडला. मोटर प्रथम स्टारमध्ये सुरू होते. काही सेकंदांनी डेल्टा चालू होतो व त्यानंतर स्टार बंद होतो."

काकांचं हसू गेलं. "परत वाच शेवटचं."

मी परत वाचलं.

"डेल्टा चालू होतो आणि मग स्टार बंद होतो?"

"हो. म्हणजे... तसंच ना?"

"अरे देवा!" काकांनी डबा खाली ठेवला. "असं जोडलंस तर पहिल्या झटक्यात स्फोट होईल. तिन्ही फेज एकमेकांना भिडतील. तुझ्या भुवया पण राहणार नाहीत. आधी स्टार सुटला पाहिजे. सुटला म्हणजे सुटला. मग थोडा दम. मग डेल्टा. कुणी शिकवलं तुला हे?"

"वहीत लिहिलंय, साहेबांनी शिकवलं म्हणून."

"साहेबाने सही केली याच्यावर?"

"अजून नाही, पण करतील."

काका उठले. भाकरी तशीच राहिली. मला घेऊन ते कोरुगेशन मशीनपाशी, म्हणजे पुठ्ठ्याला लाटा पाडणाऱ्या यंत्रापाशी गेले, मेन स्विच पाडला, पॅनलचं दार उघडलं आणि बोट ठेवून ठेवून दाखवू लागले. हा मेन कॉन्टॅक्टर, मोटरला वीज सोडणारा. हा स्टार. हा डेल्टा. हा टायमर. आणि ही बारीक वायर बघ, ही स्टार आणि डेल्टाला एकाच वेळी चालू होऊ देत नाही, म्हणूनच तुझ्या भुवया जागेवर आहेत. मला एकदाही पाना आणायला पाठवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "जा, वहीत दुरुस्त कर. उद्या कुणी ते वाचून जोडलं तर मरेल."

त्या दुपारी मी नोंद काकांच्याच शब्दांत दुरुस्त केली आणि विचार करत बसले. या माणसाला मला शिकवायचं नव्हतं. पण चुकीचं लिहिलेलं त्याला सहन होत नव्हतं, मग ते खोट्या वहीत का असेना.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लिहिलं, "फ्यूज वारंवार उडत असल्यास जाड तार घालावी." आणि जेवताना काकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या दिवशीही त्यांची भाकरी राहिली.

पुढचे पाच-सहा महिने माझं शिक्षण असं झालं. सकाळी मी एक चूक तयार करायचे, दुपारी वाचून दाखवायचे आणि काका चिडून ती दुरुस्त करायचे. अर्थिंगच्या खड्ड्यात वाळू भरावी असं लिहिलं, तर त्यांनी मागच्या कुंपणापाशी नेऊन मीठ आणि कोळशाचा थर कसा देतात ते दाखवलं आणि मला खड्डा खणायला लावला. जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होत असेल तर त्याचा काटा पुढे सरकवावा असं लिहिलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जळकी मोटर उघडून माझ्यासमोर ठेवली. "हे बघ, काटा सरकवणाऱ्याची करणी. हुंगून बघ." त्या मोटरची तार काढून ती पुन्हा कशी भरायची ते त्यांनी मला तीन आठवडे शिकवलं. माझ्या बोटांना चिरा पडल्या. आईने त्यांवर हळद लावली आणि म्हणाली, "शिकवतात म्हणायचे एकदाचे."

अर्थात चूक विचारपूर्वक करावी लागे. अगदीच बावळट चूक केली तर काका संशयाने बघायचे. चांगली चूक करायची तर विषय आधी नीट वाचावा लागे. आयटीआयच्या दोन वर्षांत मी पुस्तक जेवढं वाचलं नसेल, तेवढं त्या चुकांसाठी वाचलं.

एकदा काका म्हणाले, "हल्ली तू फार चुकतेस."

"हो ना काका. डोकंच चालत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग विडी पेटवली. "उद्याची चूक जरा सोपी घे. उद्या मला लवकर जायचंय."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. काकांनी मात्र पुढे तो विषय कधी काढला नाही. शिकवणंही थांबवलं नाही. माझ्या चुका मुद्दाम केलेल्या आहेत हे ठाऊक असून ते शिकवत राहिले. वही तेवढी मी रोज वाचायची, ती पद्धत तशीच राहिली.

मग तपासणी आली. सरकारी कार्यालयातून एक अधिकारी येणार असं पत्र आलं आणि मॅडमची धावपळ सुरू झाली. आम्हाला नवी हेल्मेटं आणि रबरी हातमोजे मिळाले. एका कोपऱ्यातले रिकामे पॅलेट हलवून तिथे 'प्रशिक्षण कक्ष' अशी पाटी लागली. काकांना साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या तुम्ही गोडाऊनमधले दिवे बघा. दिवसभर." शिकवणारा माणूस सर्टिफिकेटवाला हवा असा नियम होता, आणि कागदावर आम्हाला साहेब शिकवत होते.

अधिकारी निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, स्वतः कधीकाळी आयटीआयमध्ये शिकवलेले. त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि वह्या मागितल्या. फिटरांच्या आणि टर्नरच्या वह्या भराभर उलटल्या. माझी वही हातात घेतली आणि ते वाचतच राहिले. मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी जमिनीकडे.

"हे पुस्तकातलं नाही," ते म्हणाले. "'स्टार सुटला म्हणजे सुटला, मग थोडा दम, मग डेल्टा.' हे कुठल्या पुस्तकात आहे?"

त्यांनी आणखी एक पान उलटलं.

"इतकी वर्षं मी अशा वह्या तपासतोय. सगळ्यांत सारखंच लिहिलेलं असतं. या मुलीने हाताने काम केलंय. चल, मला जोडून दाखव."

प्रशिक्षण कक्षात जोडायला काहीच नव्हतं, म्हणून ते मला सरळ स्टोअरमध्ये घेऊन गेले. तिथून तीन कॉन्टॅक्टर, टायमर, रिले आणि वायर काढून एका लाकडी फळीवर मांडायला लावलं. मी जोडलं. वायरी आपापल्या जागी गेल्या. छोटी मोटर लावून स्विच दाबला. स्टार, दम, डेल्टा.

"शाब्बास," ते म्हणाले. "कुणी शिकवलं?"

साहेब माझ्या शेजारी उभे होते. मॅडम त्यांच्या शेजारी. दूर गोडाऊनच्या दारात शिडी दिसत होती, शिडीवर काकांचे पाय.

"साहेबांनी," मी म्हटलं.

अधिकाऱ्यांनी साहेबांचा हात हातात घेऊन हलवला. साहेबांचे कान लाल झाले. नंतर त्यांनी मला दिवसभर टाळलं, आणि मीही काकांना टाळलं. संध्याकाळी सायकलचं कुलूप काढताना काकांनीच हाक मारली.

"काय झालं? मोटर फिरली?"

"फिरली." मग मी एका दमात सांगून टाकलं. "त्यांनी विचारलं कुणी शिकवलं, आणि मी साहेबांचं नाव सांगितलं."

"बरं केलंस."

"काका, बरं काय त्यात?"

"माझं नाव घेतलं असतंस तर त्यांनी माझा कागद मागितला असता," काका म्हणाले आणि सायकलवर बसले.

त्यांनी माफ केलं म्हणून मला आणखीच वाईट वाटलं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले.

अधिकाऱ्यांनी अहवालात आमच्या कारखान्याचं कौतुक केलं. पुढे आसपासच्या कारखान्यांचे लोक आमची प्रशिक्षण पद्धत पाहायला आले. साहेबांनी त्यांना पडद्यावर चित्रं दाखवून भाषण दिलं. त्यात 'चुकांमधून शिकणं' असा एक भाग होता. तो त्यांना कुठून सुचला ते मला माहीत नाही. त्यांनी माझी वही खरोखर वाचली असावी, आणि खोडाखोड बघून अंदाज बांधला असावा. एक सांगायला हवं. त्या दिवसापासून प्रशिक्षण कक्षात खरी फळी, खऱ्या मोटरी आणि खरी अवजारं आली. मी आधी लिहिलेलं सगळं कारखान्याने नंतर विकत आणलं. मागून आलेल्या अप्रेंटिसना त्याचा उपयोगही झाला.

मी परीक्षा दिली आणि पास झाले. सर्टिफिकेट यायला बराच वेळ लागला. ते आलं तेव्हा मॅडमनी मला बोलावून पेढा दिला आणि बसायला सांगितलं.

"तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. तुला आम्ही इलेक्ट्रिशियन म्हणून घेतोय. कंपनीच्या रोलवर."

"जागा आहे?"

"होतेय." मॅडम कागद सारखे करू लागल्या. "आता आपलं नाव झालंय ना. बाहेरून ऑडिटला येतात, मोठे ग्राहक येतात, ते विचारतात की विजेचं काम करणारी माणसं सर्टिफाइड आहेत का. आमचा नाइलाज आहे गं. ठेकेदाराला सांगितलंय, पुढच्या महिन्यापासून काकांना पाठवू नका."

मी पेढा हातात धरून बसले. त्या खोलीत कुणीही वाईट नव्हतं. मॅडमना काकांबद्दल खरंच वाईट वाटत होतं. साहेबांनी काकांसाठी वर शब्द टाकला होता, हे मला नंतर कळलं. काकांनी सुरुवातीलाच भाकरी चावत जे सांगितलं होतं, तसंच झालं होतं. ते घडवायला मी पुस्तक वाचून वाचून मदत केली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "मी ही नोकरी घेत नाही."

"का?"

"तुमची आहे."

"तू नाही घेतलीस तर दुसरा कुणी सर्टिफिकेटवाला येईल. तो डेल्टा आधी लावेल आणि माझी मोटर जाळेल." काका चिडले होते, अगदी चुकीची नोंद ऐकल्यासारखे. "घे गुपचूप."

मी घेतली. काकांनी सांगितलं म्हणून घेतली असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. ते खरं आहे. पण मला ती नोकरी हवी होती, हेही तितकंच खरं आहे. निळ्या शर्टाच्या जागी राखाडी शर्ट आला, पीएफ कापला जाऊ लागला, आई बाजारात शेजारच्या मासळीवालीला सांगू लागली की माझी लेक कंपनीत आहे.

काकांनी हायवेवरच्या चारोटी नाक्यावर, ट्रक दुरुस्तीच्या दुकानांच्या रांगेत एक गाळा भाड्याने घेतला. मोटर भरायचं काम. हॉटेलांचे पंप, पिठाच्या गिरण्या, बागायतदारांच्या विहिरींवरच्या मोटरी. मी सुट्टीच्या दिवशी जायचे. सुरुवातीला अपराधी वाटायचं म्हणून, मग सवयीने. गाळ्यात बसून मी तार गुंडाळायचे आणि काका चहा मागवायचे. तिथेही ते माझ्या हातातलं काम बघून मान हलवायचे, पण आता चुका खऱ्या असायच्या.

कारखान्यात वर्षभरात कोरुगेशन मशीन दोनदा असं अडलं की मला आणि साहेबांना काही सुचेना. दोन्ही वेळा साहेबांनीच सांगितलं, "काकांना बोलवा." काका आले. गेटवर त्यांना नाव, येण्याचं कारण आणि कुणाला भेटायचं ते विचारून 'व्हिजिटर' लिहिलेला बिल्ला गळ्यात घातला गेला. पाव तासात त्यांनी दोष शोधला. साहेब पॅनलपाशी वाकून उभे राहिले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "काका, जरा मलापण दाखवा ना कसं केलं." काकांनी त्यांना दाखवलं, हात न आखडता.

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला काकांकडे एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या वायरिंगचं काम आलं. पण त्यासाठी परवाना हवा, आणि परवान्यासाठी कागद. त्यांनी मला फोन केला, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, जणू चारोटीहून थेट ऐकू यायला हवं.

"तुझ्या सर्टिफिकेटवर परवाना निघतो म्हणतात. तू येतेस का माझ्याबरोबर? अर्धं तुझं, अर्धं माझं."

मी आठ दिवस विचार केला. रोलवरची नोकरी सोडणारी मुलगी आमच्या आळीत आजवर झाली नव्हती. आईने चार दिवस अबोला धरला, मग स्वतःच विचारलं, "तिथे शिकवणार का तुला अजून?" मी हो म्हटलं. मी राजीनामा दिला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले की तुमच्या जागी अप्रेंटिसमधूनच कुणाला तरी घेऊ.

परवान्याचे कागद भरायला मी आणि काका डहाणूला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने माझं सर्टिफिकेट पाहिलं, सही-शिक्का तपासला आणि फॉर्म पुढे सरकवला. प्रमुख म्हणून माझं नाव. खाली सोबत काम करणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याची पात्रता. मी काकांचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं.

"यांचं काही सर्टिफिकेट?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

"अनुभवाचा दाखला?"

काका ठेकेदाराकडे गेले होते, पण त्याने फक्त शेवटच्या दीड वर्षाचा दाखला दिला होता. त्याआधीच्या वर्षांच्या वह्या त्याच्याकडे नव्हत्या.

"मग मदतनीस लिहा," कारकून म्हणाला. "मदतनीस, अनुभव दीड वर्ष."

मी काकांकडे पाहिलं. मला ते लिहायचं नव्हतं.

"लिही की," काका म्हणाले. "मागे माणसं उभी आहेत."

मी लिहिलं. काकांनी खाली गुजरातीत सही केली, कारकुनाने ती उलटसुलट करून पाहिली आणि शिक्का मारला. बाहेर उन्हात येऊन आम्ही रस्त्याच्या कडेला उसाचा रस प्यायलो. काकांना त्या हॉटेलवाल्याचे तीन फोन येऊन गेले होते. दुपारची बस पकडून आम्ही चारोटीला गेलो आणि संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या भिंतींवर वायरिंगच्या पट्ट्यांसाठी खडूने रेषा मारत होतो. काका शिडीवर, मी खाली मापाची पट्टी धरून.